विश्वोत्पत्तीचे सिद्धांत आणि अवरक्त प्रकाशाची कसोटी

विश्वाला आरंभ आहे की नाही, हा प्रश्न माणूस फार प्राचीन काळापासून विचारीत आला आहे. बहुतेक धर्मग्रंथांनी त्याचे उत्तर देऊन टाकले. कोणी सहा दिवसांत सृष्टी निर्माण झाल्याचे सांगितले, कोणी सुवर्णमय अंड्यातून विश्व बाहेर आल्याचे सांगितले. पुरुषसूक्ताने तर सूर्य, चंद्र आणि आकाश यांच्या उत्पत्तीबरोबरच चार वर्णांचीही उत्पत्ती सांगून टाकली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्रांविषयीच्या ग्रंथाच्या आरंभीच या सूक्ताची कठोर चिकित्सा केली, त्याचे कारण हेच होते. ज्याच्या हाती उत्पत्तीची कथा, त्याच्या हाती समाजव्यवस्थेची किल्ली, हा अनुभव या देशाने शतकानुशतके घेतला आहे. म्हणून विश्वोत्पत्तीचा प्रश्न आपल्याला केवळ कुतूहलाचा म्हणून सोडून देता येत नाही.

तथागतांची भूमिका या बाबतीत सर्वस्वी वेगळी होती. लोक शाश्वत आहे की अशाश्वत, सांत आहे की अनंत, असे प्रश्न मालुंक्यपुत्ताने विचारले तेव्हा तथागतांनी त्यांची उत्तरे दिली नाहीत. विषारी बाण लागलेल्या माणसाने बाण काढण्यापूर्वी तो मारणाऱ्याचे कुळगोत्र विचारीत बसू नये, हा मज्झिम निकायातील दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सृष्टिकर्त्या ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग नाही, हे स्पष्टपणे मांडले आहे.

असे असूनही आपल्या सभा-व्याख्यानांतून एक विधान वरचेवर कानी पडते. विज्ञानाने आज जे शोधून काढले ते बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, असे ते विधान होय. त्यासाठी दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्ताचा आधार देण्यात येतो. त्या सुत्तात लोकाच्या संवट्टाचा म्हणजे आकुंचनाचा आणि विवट्टाचा म्हणजे विस्ताराचा उल्लेख आहे. महास्फोट सिद्धांत मानणारा वक्ता त्यातील विस्तार उचलतो, आरंभरहित विश्व मानणारा वक्ता त्यातील आवर्तन उचलतो, आणि दोघेही धम्म सिद्ध झाला असे जाहीर करतात. एकाच वचनातून दोन परस्परविरोधी सिद्धांत सिद्ध होत असतील, तर त्यातून प्रत्यक्षात काहीच सिद्ध होत नाही, एवढे तरी ध्यानात घेतले पाहिजे. सिद्धांत वचनांशी जुळवून पारखला जात नाही, तो निरीक्षणाच्या कसोटीवर पारखावा लागतो. विश्वोत्पत्तीच्या सिद्धांतांची अशी कसोटी कशी लावण्यात आली आणि तीत अवरक्त खगोलशास्त्राचा वाटा कोणता, हे या लेखात पाहावयाचे आहे. या कसोटीच्या इतिहासात एका थोर मराठी शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे आणि त्यांचा सिद्धांत बहुमताच्या विरोधात होता, म्हणूनही तो आपण समजून घेण्यासारखा आहे.

भूतकाळ जाणण्याची रीत

जे घडताना कोणी पाहिले नाही ते जाणायचे कसे, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर वसई-विरारच्या रहिवाशांना दूर शोधावे लागत नाही. नालासोपाऱ्याच्या टेकाडाला स्थानिक लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. कोणा एका राजाचा तो किल्ला, अशी समजूत होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथे उत्खनन केले. आत विटांचा स्तूप निघाला, दगडी पेटी निघाली, तीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. किल्ल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती म्हणून ती खरी ठरली नाही. जे अवशेष हाती आले त्यांनी निर्णय दिला.

आकाशाच्या बाबतीत हे अवशेष म्हणजे प्रकाश होय. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, तरीही ताऱ्यांची अंतरे इतकी प्रचंड आहेत की त्याला येथे पोचण्यास वर्षानुवर्षे लागतात. सोपाऱ्याचा शिलालेख कोरला जात असताना एखाद्या दूरच्या ताऱ्यावरून निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरत असेल. जितके दूर पाहावे तितका जुना काळ दिसतो. खगोलशास्त्रज्ञाचे उत्खनन असे प्रकाशात चालते.

दोन परस्परविरोधी सिद्धांत

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, हे दिसून आले. त्यांच्या प्रकाशाच्या तरंगलांबीत वाढ झालेली आढळते. दृश्य प्रकाशात सर्वांत मोठी तरंगलांबी तांबड्या रंगाची, म्हणून या वाढीला ताम्रसृती म्हणतात. इलॅस्टिकच्या पट्टीवर सारख्या अंतरावर शाईच्या खुणा करून पट्टी ताणली, तर सर्वच खुणांमधील अंतर वाढते. त्याचप्रमाणे अवकाश प्रसरण पावत असता त्यातून प्रवास करणारी प्रकाशलहरही ताणली जाते. ताम्रसृती १ असेल तर तरंगलांबी दुप्पट झाली, ९ असेल तर दसपट झाली, असे समजावयाचे.

प्रसरणाचा हा पुरावा दोन्ही पक्षांना मान्य होता. त्याचा अर्थ लावताना मात्र मतभेद झाला. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९३१ साली असे मांडले की प्रसरण मागे मागे नेले तर सर्व विश्व एका अतिघन अवस्थेत येते आणि तेथून आजच्या विश्वाचा आरंभ झाला. पुढे जॉर्ज गॅमो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही आरंभीची अवस्था अतिउष्णही असावी, असे दाखविले. १९४८ साली त्यांचे सहकारी आल्फर व हर्मन यांनी, त्या उष्णतेचा अवशेष आजही सुमारे ५ केल्व्हिन तापमानाच्या प्रारणाच्या रूपाने सर्वत्र असावा, असे भाकीत केले. केल्व्हिन मापनात शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस होय.

त्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्ये, केंब्रिज येथे फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, परंतु रिकाम्या होणाऱ्या जागेत अत्यल्प प्रमाणात नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्यामुळे विश्वाचे एकूण रूप सदैव सारखेच राहते आणि त्याला आरंभ नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'बिग बँग' म्हणजे महास्फोट हे नावही हॉईल यांनीच १९४९ साली रेडिओवरील एका भाषणात विरोधी सिद्धांताला दिले.

या वादात धर्मसत्तेनेही तत्परतेने उडी घेतली. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोट सिद्धांतात ईश्वरी निर्मितीची साक्ष दिसते, अशा आशयाचे भाषण केले. लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. तरीही आपला सिद्धांत धर्माच्या समर्थनासाठी वापरला जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याला अनुकूल वाटणाऱ्या सिद्धांताला धर्माचा टेकू बनविण्याचा मोह कोणा एका धर्मापुरता मर्यादित नाही, हे यावरून दिसते.

हॉईल यांच्या हाताखाली संशोधन करण्यासाठी गेलेल्या तरुणांत जयंत विष्णू नारळीकर होते. त्यांचा जन्म कोल्हापूर येथे १९ जुलै १९३८ रोजी झाला. १९६३ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळविली आणि १९६४ साली हॉईल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत जगापुढे आला. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले.

अवरक्त प्रकाश म्हणजे काय

चुलीवरून उतरवलेला तवा काळाच दिसतो, परंतु हात जवळ नेला तर त्याची धग लागते. ती धग म्हणजे अवरक्त प्रकाश होय. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथे, तापमापक ठेवला. त्याचा पारा चढला. अशा रीतीने या प्रकाशाचा शोध लागला. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यापुढे सुमारे एक मिलिमीटरपर्यंतचा प्रकाश अवरक्त समजला जातो.

विश्वोत्पत्तीच्या अभ्यासात या प्रकाशाला तीन कारणांनी महत्त्व आहे. पहिले कारण असे की अतिदूरच्या दीर्घिकांचा मूळ प्रकाश जंबुपार वा दृश्य असला तरी ताणला जाऊन येथे येईपर्यंत तो अवरक्त झालेला असतो. दुसरे असे की ताऱ्यांमधील धूलिकण ताऱ्यांचा प्रकाश शोषून घेतात आणि तीच ऊर्जा अवरक्त रूपाने परत देतात, म्हणून धुळीचा हिशेब अवरक्त निरीक्षणांशिवाय मांडता येत नाही. तिसरे कारण असे की विश्वातील पार्श्वभूमी प्रारणाच्या वर्णपटाची एक बाजू दूर-अवरक्त भागात उतरते.

अडचण वातावरणाची आहे. हवेतील बाष्प अवरक्त प्रकाशाचा मोठा भाग गिळून टाकते. वसईच्या किनाऱ्यावरील दमट हवेतून दूर-अवरक्त आकाश पाहणे अशक्यच, पण उंच पर्वतावरूनही ते पुरेसे दिसत नाही. म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १०० सेंटिमीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण तयार केली आणि ती हैदराबाद येथील आपल्या केंद्रातून प्रचंड फुग्यांच्या साह्याने सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठविली. बहुतांश वातावरण खाली राहिल्यावर त्या दुर्बिणीने आपल्याच दीर्घिकेतील तारे जन्मणाऱ्या मेघांची आणि त्यांतील थंड धुळीची मोजमापे घेतली. या निरीक्षणांचा विषय विश्वाचा आरंभ हा नव्हता. तथापि ताऱ्यांचा प्रकाश धूळ कशी बदलून टाकते, याचे प्रत्यक्ष ज्ञान अशाच निरीक्षणांतून मिळते, आणि पुढील वादात नेमका तोच प्रश्न मध्यवर्ती ठरला.

पहिली कसोटी : पार्श्वभूमी प्रारणाचा वर्णपट

१९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या प्रत्येक दिशेकडून सारखेच येणारे सूक्ष्मतरंग प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. त्याचे तापमान सुमारे ३ केल्व्हिन होते. महास्फोट सिद्धांतानुसार विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना त्याचे तापमान ३ हजार केल्व्हिनच्या आसपास आले, विद्युत्‌भारित कण एकत्र येऊन अणू बनले आणि प्रकाश मोकळा झाला. त्या वेळी या प्रकाशाची प्रमुख तरंगलांबी सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे अवरक्तच होती. तेव्हापासून ती सुमारे ११०० पट ताणली गेली आणि आज एक मिलिमीटरच्या आसपास आली आहे.

मूळ स्थिर स्थिती सिद्धांताला या शोधाचा मोठा धक्का बसला. परंतु हॉईल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ साली त्याची नवी मांडणी केली. तिला अर्ध-स्थिर स्थिती सिद्धांत असे म्हणता येईल. तिच्यानुसार विश्व अतिदीर्घ काळात प्रसरण पावते, आणि त्या प्रसरणावर सुमारे ५ हजार कोटी वर्षांची आकुंचन-विस्ताराची आवर्तने होत राहतात. द्रव्यनिर्मिती एकदाच न होता अतिघन वस्तूंच्या सान्निध्यात लहान लहान स्फोटांतून होते. मग पार्श्वभूमी प्रारण कोठून आले? त्यांचे उत्तर असे की ते पूर्वीच्या आवर्तनांतील ताऱ्यांचा जुना प्रकाश आहे. ताऱ्यांच्या स्फोटांत बाहेर पडलेल्या धातूंच्या वाफेपासून लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुया बनतात. सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या या सुयांनी ताऱ्यांचा प्रकाश पुनःपुन्हा शोषून आणि उत्सर्जित करून त्याला एकाच तापमानाचे रूप दिले.

ही कल्पना हवेत सोडलेली नव्हती. विश्वातील सर्व हेलियम ताऱ्यांमध्येच हायड्रोजनपासून बनला असे मानले, तर त्यातून निघालेली ऊर्जा आजच्या पार्श्वभूमी प्रारणाच्या ऊर्जेच्या अगदी जवळ येते. हा केवळ योगायोग म्हणून सोडून द्यावा काय, असा हॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा सवाल होता.

सवालाची परीक्षा निरीक्षणानेच होणार होती. १८ नोव्हेंबर १९८९ रोजी कोबे हा उपग्रह सोडण्यात आला. त्यावरील एका उपकरणाने दूर-अवरक्तापासून सूक्ष्मतरंगांपर्यंत या प्रारणाचा वर्णपट मोजला. एकाच तापमानाची, सर्व प्रकाश शोषून घेणारी आदर्श वस्तू जसे प्रारण देते त्याला कृष्णवस्तू प्रारण म्हणतात. मोजलेला वर्णपट २.७२५ केल्व्हिनच्या कृष्णवस्तूशी इतका तंतोतंत जुळला की त्यातील फरक दहा हजारांत एका भागापेक्षाही कमी निघाला. या कार्यासाठी जॉन मॅदर यांना २००६ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

कोबेवरील दुसऱ्या उपकरणाने अवरक्त आकाश मोजले. त्यातून १९९८ साली आणखी एक पार्श्वभूमी प्रकाश निश्चित झाला. हा मात्र खरोखरच दीर्घिकांतील धुळीने ताऱ्यांचा प्रकाश बदलून दिलेला दूर-अवरक्त प्रकाश आहे. याची एकूण ऊर्जा सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतकी भरते. मुख्य म्हणजे त्याचा वर्णपट कृष्णवस्तूसारखा नाही, कारण ही धूळ अनेक तापमानांची आणि अनेक अंतरांवरची आहे. धुळीतून आलेला प्रकाश कसा दिसतो आणि एकजिनसी उष्ण अवस्थेतून आलेला प्रकाश कसा दिसतो, हे दोन्ही नमुने आता शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. सुयांनी प्रकाश कितीही वेळा घोटला तरी तो इतका निर्दोष कसा व्हावा, हे दाखविण्याचा भार अर्ध-स्थिर सिद्धांतावर पडला. पुढे पार्श्वभूमी प्रारणातील सूक्ष्म चढउतारांची ठरावीक नक्षी डब्ल्यूमॅप आणि प्लँक या उपग्रहांनी मोजली. महास्फोट सिद्धांतावर आधारलेल्या गणिताशी ती फार चांगली जुळली. नारळीकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हीच नक्षी आपल्या सिद्धांताने समजावून देण्याचा प्रयत्न केला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो पुरेसा वाटला नाही.

दुसरी कसोटी : पूर्वीचे तापमान

महास्फोट सिद्धांत आणखी एक भाकीत करतो. विश्व प्रसरणाने थंड होत असेल, तर पूर्वी पार्श्वभूमीचे तापमान अधिक असले पाहिजे, आणि किती अधिक हे ताम्रसृतीवरून ठरले पाहिजे. पूर्वीचे तापमान मोजणारा तापमापक निसर्गातच आहे. दूरच्या वायुमेघातील कार्बनचे अणू सभोवतालचे दूर-अवरक्त प्रारण शोषून किंचित उच्च ऊर्जेच्या स्थितीत जातात. असे अणू किती आहेत हे मोजले की मेघाभोवतीचे तापमान कळते.

हे मोजमाप करणाऱ्यांत आयुकाचे रघुनाथन श्रीआनंद हे अग्रणी होते. फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २००० साली सुमारे २.३४ ताम्रसृतीच्या एका मेघाचे तापमान ६ ते १४ केल्व्हिनच्या दरम्यान असल्याचे दाखविले. सिद्धांताचे भाकीत ९.१ केल्व्हिन होते. २००८ साली कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून दुसऱ्या एका मेघाचे तापमान ९.१५ केल्व्हिन निघाले, भाकीत सुमारे ९.३ चे होते. प्रारणाचे तापमान सदासर्वदा सारखेच, असे मानणाऱ्या जुन्या कल्पनांना येथे जागा उरली नाही. अर्ध-स्थिर सिद्धांत चालू आवर्तनात विश्व पूर्वी अधिक आकसलेले होते असे मानतो, त्यामुळे ही एक कसोटी त्याला फारशी जड गेली नाही, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे. परंतु महास्फोट सिद्धांताला अनुकूल ठरणारे हे मोजमाप, त्या सिद्धांताच्या सर्वांत आग्रही टीकाकाराने उभारलेल्या संस्थेतून पुढे आले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. संस्थापकाच्या मताविरुद्ध जाणारे सत्य जेथे निःसंकोच प्रसिद्ध होते, तेथेच ज्ञानाची वाढ होते.

तिसरी कसोटी : अतिदूरच्या दीर्घिका

अर्ध-स्थिर सिद्धांताच्या मूळ मांडणीत चालू आवर्तनातील दीर्घिकांची ताम्रसृती सुमारे ५ पर्यंतच जाऊ शकेल, असे धरले होते. त्यापलीकडे पूर्वीच्या आवर्तनातील, म्हणजे महास्फोटाच्या हिशेबाने विश्वापेक्षाही जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिका असाव्यात, अशी अपेक्षा होती. याउलट महास्फोट सिद्धांत सांगतो की जितके दूर पाहावे तितक्या दीर्घिका लहान, कोवळ्या आणि जड मूलद्रव्यांनी गरीब दिसल्या पाहिजेत, आणि एका सीमेपलीकडे दीर्घिका मुळीच नसाव्यात.

हा फरक केवळ अवरक्त दुर्बीणच दाखवू शकते. हायड्रोजनशी निगडित अशी ०.१२१६ मायक्रॉनची जंबुपार तरंगलांबी आहे. ताम्रसृती १४ च्या घरात असेल तर ती सुमारे १.८५ मायक्रॉनला येऊन पोचते आणि साध्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर जाते. २५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब अवकाश दुर्बीण सोडण्यात आली. तिचा आरसा ६.५ मीटर व्यासाचा आहे आणि ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. स्वतःचीच उष्णता अवरक्त प्रकाश होऊन आड येऊ नये म्हणून तिच्यावर पाच पदरी सूर्यछत्र बसविले आहे आणि तिचे एक उपकरण ७ केल्व्हिनच्याही खाली थंड ठेवले जाते.

२०२४ साली या दुर्बिणीने १४ पेक्षा अधिक ताम्रसृतीची एक दीर्घिका निश्चित केली. महास्फोटाच्या कालगणनेनुसार विश्व ३० कोटी वर्षांचे होण्याच्या सुमारासचा तो प्रकाश आहे, तर आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. २०२५ साली चिली देशातील आल्मा दुर्बिणींनी त्याच दीर्घिकेत ऑक्सिजन शोधला. ऑक्सिजनचा हा प्रकाश निघताना ८८ मायक्रॉनचा दूर-अवरक्त होता, येथे पोचला तो सुमारे १.३ मिलिमीटरचा होऊन. मिलिमीटर लहरींना अडविणाऱ्या लोहसुयांचे दाट धुके या वाटेवर असते तर हा क्षीण प्रकाश असा पोचला नसता.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या दीर्घिका अपेक्षेपेक्षा तेजस्वी निघाल्या आणि ऑक्सिजनही अपेक्षेपूर्वीच सापडला. २०२५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या निरीक्षणांतून 'अलकनंदा' नावाची सुडौल सर्पिल दीर्घिका दाखवून दिली. विश्व केवळ दीडशे कोटी वर्षांचे असताना ती एवढी घडलेली होती. अशा बातम्या आल्या की महास्फोट खोटा ठरला, असा गाजावाजा होतो. वास्तविक दीर्घिका किती वेगाने घडतात याविषयीच्या कल्पना त्यामुळे बदलाव्या लागत आहेत. उष्ण, घन अवस्थेतून प्रसरण झाले, या गाभ्याला त्याने अद्याप बाध आलेला नाही.

निरसन झालेल्या सिद्धांताचे मोल

२० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. नारळीकरांचे निधन झाले. त्यांच्या विश्वरचनेला अखेरपर्यंत बहुमान्यता लाभली नाही. तरीही तिचे मोल कमी होत नाही. काय आढळले तर आपला सिद्धांत अडचणीत येईल, हे सांगण्याचे धैर्य त्या मांडणीत होते. बहुसंख्यांना गृहीत वाटणारी गोष्ट त्यांनी गृहीत धरली नाही, त्यामुळे विरोधकांनाही आपले पुरावे अधिक काटेकोर करावे लागले.

हीच रीत त्यांनी समाजातही वापरली. २००८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्या गोळा करण्यात आल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कोणाची ते सांगितले. त्यांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी ५० टक्क्यांच्या आसपासच बरोबर आली असती. ज्योतिषाला जो न्याय तोच न्याय स्वतःच्या विश्वसिद्धांताला, अशी ही वृत्ती होती.

आपण काय घ्यावे

आरंभरहित विश्वाचा सिद्धांत आपल्यापैकी अनेकांना जवळचा वाटतो. आरंभ नाही म्हणजे निर्माता नाही, असे ते समीकरण असते. परंतु एखादा सिद्धांत आपल्याला सोयीचा आहे, हे तो स्वीकारण्याचे कारण होऊ शकत नाही. केसपुत्त येथे कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचे मर्म हेच आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, असे त्यांनी बजावले. आपल्या मताशी जुळते म्हणूनही स्वीकारू नये, ही त्याच उपदेशाची अधिक अवघड बाजू आहे.

शिवाय महास्फोट सिद्धांताने निर्माता सिद्ध होतो, ही समजूतही चुकीची आहे. तो सिद्धांत शून्यातून निर्मिती झाल्याचे सांगत नाही. एका अतिउष्ण, अतिघन अवस्थेपासून पुढे काय घडत गेले, एवढेच तो सांगतो. त्यापूर्वी काय होते, याचा निर्णय आजच्या निरीक्षणांनी लागलेला नाही. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे हे उमगलेले नाही. प्रसरणाचा वेग एका रीतीने मोजला तर ६७ आणि दुसऱ्या रीतीने मोजला तर ७३ येतो, या विसंगतीचाही उलगडा झालेला नाही. या मोकळ्या जागांत कोणी ईश्वर बसवू पाहील, कोणी सुत्तवचन बसवू पाहील. दोन्ही प्रयत्न सारखेच अनावश्यक आहेत. उद्या सिद्धांत बदलला तर त्याच्या टेकूवर उभी केलेली श्रद्धाही कोसळेल.

धम्माला अशा टेकूची गरज नाही. दुःख आहे, त्याला कारणे आहेत आणि ती कारणे दूर करता येतात, हे विश्वाचे वय किती आहे यावर अवलंबून नाही. माणसामाणसांतील विषमता कोणा आदिपुरुषाच्या मुखातून व पायांतून जन्मली नाही, हे समजण्यासाठीही दुर्बीण लागत नाही. मात्र उत्पत्तीच्या कथा सांगून माणसांना बांधणाऱ्यांना उत्तर द्यावयाचे असेल, तर पुराव्याची शिस्त आपल्या अंगी बाणली पाहिजे. यापुढे विहारातील व्याख्यानात विश्वोत्पत्तीचा विषय निघाला, मग वक्ता आपल्या पक्षाचा असो वा परपक्षाचा, उपासक-उपासिकांनी त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : काय आढळले तर आपण हे मत सोडून द्याल? ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याच्याशी चर्चा करण्यात अर्थ आहे.